चार वर्षांच्या मुलाला घेऊन सायन्स सेंटर

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला लहान मूल घेऊन जायचं असेल तर घरातून निघतानाच एक ठरवून टाकावं: सगळं बघायचं नाही. आवार आठ एकरांचं, आतली दालनं आणि बाहेरचं विज्ञान उद्यान धरून हाताळायच्या वस्तू पाचशेच्या वर. एकेका वस्तूला एक मिनिट दिलं तरी आठ तास लागतील. चार वर्षांचं मूल एका वस्तूपाशी एक मिनिट थांबत नाही. एक तर ते पाच सेकंदांत पळतं, नाहीतर वीस मिनिटं तिथेच चिकटतं. आमच्या हिशेबाने एका फेरीत बारा-पंधरा वस्तू मनासारख्या झाल्या तर फेरी चांगली झाली. वीसच्या वर गेलात तर पोरगं नुसतं ओढत नेलेलं असतं.

इथलं बाहेरचं उद्यान इमारतीपेक्षा जुनं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालकवर्ष होतं, उद्यान तेव्हाचं. केंद्राची इमारत ११ नोव्हेंबर १९८५ला खुली झाली. ती वास्तुविशारद अच्युत कानविंद्यांच्या हातची, म्हणजे मूळ सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या माणसाची. लहान मुलाच्या दृष्टीने क्रमही हाच ठेवावा, आधी उद्यान आणि मग इमारत. कारण साधं आहे. उद्यानातल्या वस्तू लोखंडाच्या आहेत. मार्च ते मे दुपारी बारानंतर त्यांना हात लावला की पोर हात मागे घेतं, आणि मग दिवसभर कशालाच हात लावत नाही. पावसाळ्यात मात्र क्रम उलटा करा. आधी दालनं, आणि सर थांबली की पाऊण तास बाहेर. ओल्या लोखंडी पायऱ्यांवर घसरायला होतं, त्यामुळे तेव्हा उंच चढायच्या वस्तू सोडून द्याव्यात.

पोचायचं कसं, हे सांगायलाच हवं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नेहरू सेंटर’ म्हणालात तर तो ॲनी बेझंट रोडवर तारांगणापाशी नेऊन उतरवतो. ती संस्था वेगळी. तिथून डॉ. ई. मोझेस रोडला मुलाचा हात धरून चालत यायचं म्हणजे निम्मा उत्साह रस्त्यातच संपला. ‘सायन्स सेंटर, मोझेस रोड’ असं पूर्ण सांगावं. लोकलने आलात तर महालक्ष्मी स्टेशन. रेसकोर्सच्या बाजूने चालत जाता येतं, पण मोठ्यांची पंधरा मिनिटं म्हणजे लहानग्याची अर्धा तास. मेट्रो तीनवर आता सायन्स सेंटर नावाचं स्थानकच आहे, आणि मूल बरोबर असेल तर तोच मार्ग बरा.

वेळ शक्यतो दार उघडतानाची धरा. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली येतात. एकदा का बसमधून दीडशे मुलं उतरली की प्रत्येक वस्तूभोवती सातवी-आठवीच्या मुलांचं कडं पडतं आणि तीन फुटांचं पोर त्या कड्याच्या बाहेर राहतं. सहलीत आलेली मुलं वाईट वागतात असं नाही, पण त्यांना मास्तरांनी वेळ कमी दिलेला असतो. अशा वेळी सहल ज्या दालनात आहे त्याच्या विरुद्ध टोकाला जायचं. एक गट एका दालनात फार वेळ टिकत नाही, थोडं थांबलं की तेच दालन मोकळं मिळतं.

कपड्यांचं थोडं. मुलाच्या पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल हवी. साधी चप्पल झोक्यात आणि पायऱ्यांत अडकते. आईच्या ओढणीला आणि आजीच्या पदराला दोर-चाकांच्या वस्तूंपाशी गाठ मारून ठेवायची, किंवा पदर खोचायचा. पाठीवर पिशवी एकच, आणि ती मोठ्याच्या पाठीवर: पाण्याची बाटली, टोपी, जोडीचे कपडे, ओला रुमाल, पोळीचा रोल. चिकट खाऊ नको. हात चिकट झाले की पुढची प्रत्येक कळ चिकट होते. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका, आणि आत शिरतानाच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. हरवलंच तर ‘निळा शर्ट की आकाशी?’ यावर आईबाबांचं एकमत होत नाही.

उद्यानात आमचा पहिला मुक्काम कुजबुजणाऱ्या तबकड्यांपाशी असतो. दोन मोठ्या खोलगट तबकड्या, परात उभी केल्यासारख्या, समोरासमोर तोंड करून बऱ्याच अंतरावर ठेवलेल्या असतात. एकीपाशी हळू बोललेलं दुसरीपाशी कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. गंमत मोठी आहे, पण निम्म्या कुटुंबांना ती मिळतच नाही. कारणं तीन.

पहिलं म्हणजे दिशा. माणूस सवयीने समोरच्या माणसाकडे तोंड करून बोलतो. इथे तबकडीकडे तोंड आणि समोरच्याकडे पाठ करायची असते. तबकडीच्या पुढे एक लहान कडी असते, तोंड तिच्यापाशी न्यायचं. त्या बिंदूतून निघालेला आवाज तबकडीवर आपटून सरळ समांतर पट्ट्यात पलीकडे जातो, आणि पलीकडची तबकडी तो गोळा करून आपल्या कडीपाशी आणते. कडीपासून वीतभर बाजूला सरकलात तरी आवाज पातळ होतो.

दुसरं, उंची. कडी मोठ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला असते. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण शंभर सेंटिमीटर. ते खाली उभं राहून ‘मला काहीच नाही ऐकू येत’ म्हणतं ते खरंच असतं. त्याला कडेवर घ्यायचं, आणि असं धरायचं की त्याचा कान कडीला येईल, आपला नव्हे. म्हणजे इथे दोन मोठे लागतात, एक उचलायला आणि एक पलीकडे बोलायला. एकटेच गेला असाल तर तिथे उभ्या असलेल्या कोणालाही सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

तिसरं कारण बाबा. ते ओरडतात. ओरडलं की आवाज हवेतूनच थेट पोचतो आणि तबकडीचं काम दिसत नाही. पुटपुटायचं. मुलाचं नाव आणि एखादं गुपित एवढं पुरे: ‘डब्यात लाडू आहे.’ मग जागा बदलायच्या. मुलाला बोलायला लावलं की ते आधी मान डोलावतं, कारण त्याला फोनसारखं वाटतं. थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते बोलतं आणि मग तिथून हलत नाही. हलवूही नये.

जवळच्या लांब नळीत ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा असतो. मुलं ‘ऊऊऊऊ’ करतात आणि स्वतःच्याच आवाजात प्रतिध्वनी बुडवतात. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज वेगवेगळे कळायला मध्ये सेकंदाचा दहावा भाग तरी जावा लागतो. तेवढ्यात आवाज साधारण ३४ मीटर जाऊन-येऊन करतो, म्हणजे नळी १७ मीटर तरी लांब हवी. त्यामुळे आवाज तुटक पाहिजे. टाळी किंवा ‘टा!’ करायला सांगा आणि बोट ओठांवर ठेवून वाट बघायला लावा. सुरांच्या नळ्या असतात तिथेही असंच एक बारकं वर्म आहे. नळीच्या तोंडावर थाप मारून हात तिथेच ठेवला तर तोंड बंद राहतं आणि सूर बराच खाली जातो. हात झटकन उचलला तर वेगळा सूर. मुलाला दोन्ही करून बघू द्या. तळहात छोटा असल्याने त्याची थाप नळीचं तोंड पूर्ण झाकत नाही आणि आवाज फुसका येतो. तेव्हा त्याच्या पायातली चपटी सँडल काढून द्या. नळ्या वाजवायला चपलेइतकं चांगलं हत्यार नाही. नंतर ओला रुमाल आहेच.

सी-सॉवर बहुतेक घरांत बाबा एका टोकाला, पोर दुसऱ्या टोकाला, आणि पोर वर लोंबकळतंय असं दृश्य असतं. बाबांनी आत सरकायचं. बाबा ६४ किलोचे आणि मूल १६ किलोचं असेल तर ते चौपट. म्हणून मूल टेकूपासून दोन मीटरवर बसलं तर बाबांनी अर्ध्या मीटरवर बसायचं. आकडे मुलाला सांगायचे नाहीत. ‘बाबा, पुढे ये. अजून. अजून थोडा,’ असं त्यालाच हुकूम सोडू द्या. बाबांना आपण वर उचललं हे त्याला कळतं, तेवढं बास.

खरी झटापट कप्प्यांच्या, म्हणजे पुलीच्या, खुर्च्यांपाशी होते. खुर्चीत बसायचं, समोरचा दोर ओढायचा आणि स्वतःला वर उचलायचं. शेजारच्या खुर्च्यांना कप्प्या वेगवेगळ्या संख्येने लावलेल्या असतात. सोपी खुर्ची ओळखायची युक्ती अशी: कप्प्या मोजू नका. खुर्चीला आणि बसणाऱ्याला मिळून वर धरणारे दोर मोजा, हातातला दोर धरून. समजा मूल १६ किलोचं आणि लोखंडी खुर्ची ८ किलोची. एकूण २४. दोन दोर असतील तर १२ किलोइतका जोर लावावा लागेल, चार दोर असतील तर ६ किलो. वर घर्षण वेगळंच. १२ किलो हे चार वर्षांच्या हाताचं काम नाही, ६ मात्र रेटून जमतं. त्यामुळे सर्वांत जास्त दोरांची खुर्ची आधी द्या. नेमकं उलटं घडतं, रांग नसलेली खुर्ची रिकामी दिसते म्हणून मुलाला तिथे बसवतात. ती रिकामी असते कारण ती अवघड असते.

चार दोरांच्या खुर्चीचा एक तोटा आहे. एक फूट वर जायला चार फूट दोर ओढावा लागतो, आणि लहान मुलाला वाटतं की आपण हललोच नाही. त्याच्या पायाखाली आपला हात धरायचा, तळव्याने जमीन सोडली की हाताला हवा लागते आणि ते त्याला दाखवता येतं. दोर सुटला तर खुर्ची खाली येते आणि दोर तळहातातून सर्रकन घसरतो, तळहात सोलवटतो. म्हणून मुलाच्या हातांच्या वर दोरावर आपली एक मूठ सैल ठेवायची. ओढायचं नाही, फक्त सुटला तर पकडायचा. मोठ्यांनी दोर ओढून मुलाला वर नेलं तर त्याला तो नुसता पाळणा होतो, आणि पाळणा घराजवळच्या बागेत फुकट असतो.

उद्यानात जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे, आणि मरुत हे लढाऊ विमान आहे. मुलांपेक्षा आजोबा इथे जास्त रमतात, आणि त्यांना रमू द्यावं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ला सुरू झाली, विजेची १९०७ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. ज्यांनी लहानपणी ती पाहिली आहे असे आजोबा नातवाला फलकापेक्षा बरंच काही सांगतात. मरुत हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलं, पहिलं उड्डाण १९६१चं, रचना जर्मन अभियंता कुर्ट टांक यांची. मुलाला यातलं काही नको असतं, त्याला चाक केवढं आहे ते बघायचं असतं. इंजिनाच्या चाकाशेजारी उभं करा आणि डोकं कुठवर येतं ते दाखवा. आणि हेच इंजिन हरवल्यावर भेटायची जागा म्हणून ठरवून टाका. लांबून दिसतं आणि वॉचमनलाही सांगता येतं. तरीही मुलाला शिकवायचं ते एवढंच: आईबाबा दिसेनासे झाले तर आहेस तिथेच उभा राहा. इंजिन शोधायचं काम मोठ्यांचं.

दीड तासाने खाणं आणि शू. मूल ‘नाही आली’ म्हणतं, तरी न्या. नंतर अंधाऱ्या दालनाच्या मध्यावर येते.

आतल्या दालनांचा पहिला प्रश्न म्हणजे कळा. मूल कळ दाबतं, काही होत नाही, पुन्हा दाबतं, दहा वेळा दाबतं. बऱ्याच वस्तूंना कळ दाबल्यावर थोडा वेळ लागतो, कारण आतली मोटर किंवा पंप गती घेत असतो. काही कळा वस्तू चालू असताना दाबल्या तर ठरलेला वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि कुठल्याही हाताळायच्या संग्रहालयात चार-दोन वस्तू बंद असतात. रोज शेकडो हात लागतात, झिजणारच. नियम एकच करा, एकदा दाबायचं आणि मोठ्याने दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत काही झालं नाही तर ‘ही झोपली आहे’ म्हणून पुढे जायचं. हे मुलांना चटकन पटतं, आणि आकडे मोजायचा सरावही होतो.

फलक मराठी, हिंदी, इंग्रजीत आहेत. ते मुलाला वाचून दाखवू नका. मोठ्याने स्वतःपुरतं वाचावं, तोवर मूल आपल्या परीने काहीतरी करत असतं, आणि ते बहुधा फलकावरच्यापेक्षा वेगळं असतं. ‘असं का झालं?’ हा प्रश्न या वयाला उपयोगाचा नाही, उत्तर ‘कारण असंच होतं’ एवढंच येतं. ‘आता काय झालं?’, ‘हळू केलं तर?’, ‘दुसऱ्या हाताने?’ असे विचारा, म्हणजे उत्तर हाताने मिळतं.

प्रकाशाच्या दालनांत लहान मुलांची सगळ्यात जास्त निराशा करणारी वस्तू म्हणजे अंतर्वक्र आरशाने हवेत उभी केलेली प्रतिमा. समोर नाणं किंवा स्प्रिंग तरंगताना दिसते, हात घातला तर काहीच लागत नाही. मोठे ‘अरे वा’ करतात आणि खाली उभं पोर विचारतं, ‘कुठे?’ ही प्रतिमा समोरच्या एका अरुंद कोनातच दिसते. वस्तूच्या खिडकीची उंची मोठ्यांच्या डोळ्यांना धरून ठेवलेली, शंभर सेंटिमीटरवरून तिथे काळोखच दिसतो. कडेवर घेतलं तरी आपण त्याला खिडकीच्या अगदी जवळ नेतो आणि प्रतिमा डोळ्यांच्या फार जवळ येऊन फुटते. एक हात मागे उभे राहा, मुलाचे डोळे खिडकीच्या मध्यावर आणा, आणि डावीकडे-उजवीकडे सावकाश झुला. दिसली की त्याचा हातच पुढे येतो. मगच पुढे सरका, म्हणजे ते तिथे हात घालेल. मूठ मिटून उघडून बघतं, त्यात काही नसतं, परत घालतं. इथे रांग लागली तर मागच्यांना एकदा ‘होतंय’ म्हणावं आणि घाई करू नये.

रंगीत सावल्यांना उंचीची अडचण नाही, म्हणून या वयाला ती वस्तू हमखास लागू पडते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे पांढऱ्या भिंतीवर पडतात आणि भिंत जवळजवळ पांढरीच दिसते. मध्ये उभं राहिलं की जो दिवा अडतो तो रंग वजा होतो. लाल अडला तर आकाशी सावली, हिरवा अडला तर किरमिजी, निळा अडला तर पिवळी. मुलाला भिंतीपासून दोन-तीन पावलं पुढे उभं करा. भिंतीला चिकटून उभं राहिलं तर तिन्ही दिवे एकाच जागी अडतात आणि सावली काळीच पडते. एक खेळ लावून द्या: ‘पिवळ्या तुझ्यावर पाय दे.’

सावली गोठवायची खोली असते तिथे भिंतीला अंधारात चमकत राहणारा रंग दिलेला असतो. दिवा लखकन चमकतो, जिथे अंगाने प्रकाश अडवला ती जागा काळी राहते आणि बाकी भिंत हिरवट उजळते. इथे उलट, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, नाहीतर कडा पसरट येतात. मुलं दिवा चमकायच्या आधी वळून बघतात, म्हणून मोठ्याने सोबत उभं राहून त्याचे खांदे धरायचे. सावली दोघांची येते आणि मुलाला ती जास्त आवडते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला दाराशी उभं ठेवून आधी दुसऱ्याची सावली दाखवा. आत यायचं की नाही ते त्याने ठरवावं.

त्रिमितीय चित्रपट पाच वर्षांखालच्यांना दाखवू नये असं आमचं मत. मोठ्यांच्या मापाचा चष्मा नाकावरून घसरतो, चष्म्याशिवाय पडदा दुहेरी दिसतो, आणि मध्येच उठून यायचं म्हणजे अख्खी रांग उठवायची. त्याऐवजी सायन्स ऑन अ स्फिअर बघा. अंधारात टांगलेला साधारण पावणेसहा फूट व्यासाचा गोल, त्यावर चार बाजूंच्या प्रोजेक्टरमधून पृथ्वी, ढग, ग्रह उमटतात. निवेदन मुलाला कळत नाही, कळायची गरजही नाही. बसायला अशी जागा निवडा की समोर मोठ्यांची डोकी येणार नाहीत. या खेळांना वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ असते, ती आत शिरतानाच खिडकीवर विचारून घ्यावी, नाहीतर नेमकी वेळ जेवणाच्या मधोमध येते.

निघायची वेळ मुलावर अवलंबून ठेवली तर निघणं रडारडीने होतं. शेवटची वस्तू त्यालाच निवडू द्या, आणि ‘अजून पाच मिनिटं’ म्हणण्याऐवजी ‘अजून तीनदा’ म्हणा. पाच मिनिटं किती हे त्याला कळत नाही, तीनदा कळतं. निवड बहुधा आधी केलेल्याच वस्तूची असते. नवी दाखवायचा मोह आवरा.

घरी दुसऱ्या दिवशी करायला दोन गोष्टी पुरतात. स्टीलचा मोठा डाव घासून-पुसून चकचकीत करा आणि मुलाला आतल्या बाजूने तोंड बघू द्या. उलटं दिसेल. डाव डोळ्याच्या अगदी जवळ नेला तर मात्र सुलटं आणि मोठं. दुसरी, हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप, एक तुकडा ६० सेंटिमीटरचा आणि एक ३० सेंटिमीटरचा. आखूड तुकड्याचा सूर जवळजवळ एक सप्तक वर लागतो. दुकानदार कापून देतो, पण कडा धारदार राहतात. मुलाच्या हातात देण्याआधी त्या पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच थापेला तळहात कापतो.